ऑगस्टच्या कॅमेऱ्यातला नर नोव्हेंबरात कुठे जातो?

जुलै सरत आला की अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या गप्पा ट्रेल कॅमेऱ्यावर येतात. पट्ट्याने झाडाला बांधायचा, समोरून जनावर गेले की आपोआप फोटो निघतो. या कॅमेऱ्यासोबत दर वर्षी एक सल्ला व्हिडिओंतून आणि फॉरवर्डमधून फिरतो, आता तो इथल्या मराठी मंडळींपर्यंतही पोचला आहे. मजकूर थोड्याफार फरकाने असा: उन्हाळ्यात कॅमेरा लावा, समोर मका ओता. जो मोठा नर रोज येतो, तो तिथलाच. फोटो मोजले की हरणे किती ते कळते, शिंगे पाहिली की वय कळते, आणि कॅमेऱ्याचा प्रकाश हरणाला दिसत नाही. हंगाम सुरू झाला की त्याच झाडावर मचाण बांधून बसा, नर तुमचा.

मी विस्कॉन्सिन या अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यात राहतो. शिकार करत नाही, पण कॅमेरे लावतो. शिकारीवर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी असलेल्या भारतातून आलेल्या माणसाला इथली व्यवस्था पटायला वेळ लागतो. इथे बंदुका आणि काडतुसांवर १९३७च्या कायद्याने कर आहे, लांब बंदुकांवर ११ टक्के, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपत आलेले पांढऱ्या शेपटीचे हरीण आज देशभर कोट्यवधींच्या संख्येत आहे. माझे भांडण आहे ते या सल्ल्याशी.

‘रोज येतो, म्हणजे तिथलाच.’

बाकीचे सगळे मुद्दे या एका समजुतीवर उभे आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

उन्हाळ्यात नर टोळीने राहतात, तिघे-चौघे, कधी जास्त. शिंगे वसंतापासून वाढत असतात आणि त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमल असते. ती नाजूक असते, त्यामुळे या दिवसांत शिंगांनी झुंजणे परवडत नाही. शेतात सोयाबीनचा कोवळा पाला मुबलक. चरणे आणि शिंगे वाढवणे एवढाच उद्योग, म्हणून वेळ ठरलेली आणि वाटही ठरलेली. संध्याकाळी उजेड असतानाच टोळी शेताच्या कडेला येते, कॅमेऱ्यासमोर रेंगाळते. फोटो देखणे येतात यात शंका नाही.

मग दिवस लहान होऊ लागतात. ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक वाढते, मखमल वाळते, नर ती झुडपांवर घासून काढतो, बहुधा एका-दोन दिवसांतच. पंधरवड्यापूर्वी खांद्याला खांदा लावून चरणारे नर आता एकमेकांना सहन करत नाहीत. टोळी फुटते. काही नर त्याच परिसरात राहतात, काही मैल-दोन मैलांवरच्या आपल्या हिवाळी मुलुखात निघून जातात. कोण राहणार आणि कोण जाणार, हे ऑगस्टच्या फोटोवर लिहिलेले नसते.

त्यात अन्न बदलते. सप्टेंबरात सोयाबीन पिवळे पडते, आणि पिवळ्या पाल्यात जनावराला काही गोडी उरत नाही हे लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्याच सुमारास ओकची फळे गळू लागतात. पांढऱ्या ओकचे फळ कमी तुरट असते, त्याच्यावर हरणांची आधी झुंबड. जे जनावर महिनाभर शेताच्या बांधावर दिसत होते, ते आता जंगलात आत, झाडाखालीच पोट भरते. कॅमेरा बांधावरच असतो.

आणि नोव्हेंबरात माज. उत्तरेकडच्या राज्यांत नोव्हेंबरच्या मध्याला तो शिगेला पोचतो. नर माद्यांच्या मागे दिवसाढवळ्या धावतात, आपला नेहमीचा मुलूख सोडून लांब जाऊन येतात, खाणेपिणे कमी होते. विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे या सगळ्या उलथापालथीनंतर.

दीड वर्षाच्या तरुण नरांची गोष्ट तर वेगळीच. पेन्सिल्व्हेनियात गळ्यात रेडिओ कॉलर लावून केलेल्या अभ्यासांत यातले निम्म्याहून अधिक नर जन्माचा परिसर कायमचा सोडून गेल्याचे दिसले, तेही काही मैल दूर. जंगल जितके विरळ, तितके अंतर जास्त. तेव्हा तुमच्या कॅमेऱ्यातला काटकुळा नर शेजारच्या तालुक्यात मोठा होतो, आणि तुमच्याकडे नोव्हेंबरात जो दिसतो तो दुसऱ्या कुणाच्या तरी ऑगस्टमधला असतो.

सल्ल्याची एक बाजू मान्य करायला हवी. केंटकीत धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. तेव्हा काही नरांच्या शिंगांवर मखमल तशीच असते आणि उन्हाळी वेळापत्रकही टिकून असते. त्या पहिल्या काही दिवसांपुरता ऑगस्टचा फोटो खरोखर उपयोगी. पण व्हिडिओ तिथला असला, तरी पाहणारा बसलेला असतो विस्कॉन्सिनात किंवा मिशिगनमध्ये. नोव्हेंबरात नर कुठे असेल याचा अंदाज हवा असेल, तर माझ्या मते यंदाच्या ऑगस्टपेक्षा गेल्या नोव्हेंबरातले फोटो काढून बघावेत.

‘दिसेनासा झाला, म्हणजे कुणीतरी मारला.’

सप्टेंबरात हा आरोप शेजाऱ्यावर होतो, तो नाही सापडला तर लांडग्यांवर. वर सांगितलेले सगळे वाचल्यावर याला वेगळे उत्तर लागू नये.

‘फोटो जितके, तितकी हरणे.’

सोसायटीच्या गेटवरच्या सीसीटीव्हीत वॉचमन दिवसातून शंभरदा दिसतो, म्हणून सोसायटीने शंभर वॉचमन ठेवले असे कुणी म्हणत नाही. भारताच्या २०१८च्या व्याघ्रगणनेतले आकडे बघा. कॅमेऱ्यांत वाघांचे ७६,६५१ फोटो आले आणि पट्टे जुळवल्यावर वेगवेगळे वाघ निघाले २,४६१. वाघाच्या अंगावर ओळख तरी छापलेली असते. हरणांत नर शिंगांवरून ओळखू येतो, माद्या मात्र एकीसारखी दुसरी. म्हणून इथे कॅमेऱ्याने गणती करायची रीत अशी, की आधी वेगवेगळे नर मोजायचे आणि मग एकूण फोटोंतल्या नर-मादी प्रमाणावरून माद्यांचा अंदाज बांधायचा. त्यात एक गृहीतक दडलेले आहे: नर आणि माद्या कॅमेऱ्यासमोर सारख्याच वेळा येतात. प्रत्यक्षात तसे नेहमी होत नाही.

उलट बाजूही आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. या कॅमेऱ्याला जनावर दिसत नाही, त्याला आजूबाजूच्यापेक्षा वेगळ्या तापमानाचे काहीतरी हलल्याचे जाणवते. थंडीत हरणाचे अंग आणि मागचे झाड यांत मोठा फरक असतो, सेन्सर चटकन जागा होतो. जुलैच्या दुपारी सगळेच तापलेले असते, फरक उरत नाही, आणि समोरून गेलेले जनावर निसटते. शिवाय उन्हात तापलेली फांदी वाऱ्याने हलली की रिकामे फोटो शेकड्याने निघतात. म्हणजे ज्या मोसमात लोक कॅमेऱ्यावर सर्वांत जास्त विसंबतात, त्याच मोसमात तो जास्त चुकतो.

मग उन्हाळी फोटो फुकट का? मुळीच नाही. विस्कॉन्सिनच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा ‘स्नॅपशॉट विस्कॉन्सिन’ नावाचा उपक्रम आहे. स्वयंसेवक वर्षभर कॅमेरे सांभाळतात, आणि त्या फोटोंवरून खाते मादीमागे पाडसे किती, हे प्रमाण काढते. कळप वाढतोय की नाही, हे त्या प्रमाणावरून बरेच कळते. नराच्या शिंगांवर नजर खिळवलेले लोक नेमके हेच फोटो पुसून टाकतात.

‘मका ओता, म्हणजे येतातच.’

येतात, आणि तीच अडचण आहे. मक्याच्या ढिगावर आलेल्या हरणांवरून इतकेच कळते की हरणांना मका आवडतो. ढीग नसताना ती कुठून कुठे जातात, हे जाणून घ्यायचे होते ना?

पण खरे कारण त्याहून गंभीर आहे. हरणांत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ नावाचा मेंदूचा रोग आहे. १९६७ साली कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला आणि २००२च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनात, राजधानी मॅडिसनच्या पश्चिमेला सापडला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तोवर त्याची नोंद नव्हती. हा रोग जिवाणूने किंवा विषाणूने होत नाही. त्याचे कारण प्रिऑन, म्हणजे चुकीची घडी पडलेले प्रथिन. ते लाळेतून, मूत्रातून, विष्ठेतून बाहेर पडते आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. एकाच ढिगात दहा जनावरांनी तोंड घातले की काय होईल ते उघड आहे. म्हणून विस्कॉन्सिनात ज्या काउंटीत (जिल्ह्यात) किंवा जिच्या आसपास हा रोग आढळतो तिथे आमिष घालायला आणि हरणांना चारायला बंदी येते. खनिज मिठाचा दगड ठेवणेही त्यातच धरायचे. आमचे काही देशी बांधव घरामागे कौतुकाने पोळ्या आणि भात टाकतात. त्यांनीही हे वाचावे.

याच्याच जोडीला फिरणारे एक वाक्य: ‘फोटोत धष्टपुष्ट दिसतात, म्हणजे निरोगी आहेत.’ लागण झालेले हरीण वर्ष, दीड वर्ष अगदी ठणठणीत दिसते. खात्री हवी असेल तर मारलेल्या जनावराच्या घशाजवळच्या लसिका ग्रंथी तपासाव्या लागतात, आणि विस्कॉन्सिनात ही तपासणी शिकाऱ्याला मोफत मिळते. माणसाला हा रोग झाल्याची सिद्ध झालेली नोंद नाही, तरी बाधित जनावराचे मांस खाऊ नका असे अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र सांगते. शिजवल्याने प्रिऑन नष्ट होत नाहीत.

‘शिंगे पाहिली की वय कळते.’

शिंगांचा आकार वयावर, खाण्यावर आणि आनुवंशिकतेवर ठरतो. चांगल्या शेतीच्या भागातला अडीच वर्षांचा नर उत्तरेच्या गरीब जंगलातल्या साडेचार वर्षांच्या नरापेक्षा सरस दिसू शकतो. उन्हाळ्यात अंगावर तांबूस, पातळ कोट असतो, मान बारीक, पाय लांब. तोच नर नोव्हेंबरात मान फुगून दुप्पट वयाचा वाटतो. जवळपास नेमके वय दातांवरून कळते, आणि त्यासाठी जनावर हातात असावे लागते.

‘कॅमेऱ्याचा प्रकाश त्याला दिसत नाही.’

रात्रीच्या फोटोसाठी कॅमेरा तांबड्यापलीकडचा, इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, तांबड्या रंगासाठीची नसते. म्हणून शिकारी भडक नारिंगी जाकीट घालूनही चालते. पण माझ्याच कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात थेट लेन्सकडे टक लावून बघणाऱ्या हरणांचे फोटो ढिगाने आहेत. कॅमेऱ्याचा बारीक आवाज असतो, डब्यावर आणि झाडाच्या सालीवर आपल्या हाताचा वास असतो, आणि हरीण नाकाने जगते. कार्ड बघायला दर शनिवारी जाणारा माणूस स्वतःच त्या जागेची बातमी फोडत असतो.

‘आता फोटो थेट फोनवर येतो, मग अडचण काय?’

अडचण कायद्याची आहे. शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरायला ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२पासून बंदी घातली. नेवाडा आणि युटा या राज्यांनीही हंगामाच्या महिन्यांत बंधने आणली. तिथे पाणवठे मोजके, आणि एकेका पाणवठ्यावर कॅमेऱ्यांची रांग लागू लागली होती. शिंगांच्या विक्रमांची नोंद ठेवणारा १८८७ सालचा ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ही फोनवर त्या क्षणी आलेल्या फोटोच्या मागावर जाऊन मारलेले जनावर नोंदीत घेत नाही. विस्कॉन्सिनात असे कॅमेरे चालतात. पण हंगामासाठी दुसऱ्या राज्यात जाणार असाल, तर मचाणाच्या आधी तिथली यंदाची नियमावली उघडा. हे नियम वर्षागणिक बदलतात.