‘आपण पंखा बंद करून काय होणार?’ फिरत्या मजकुराला मुद्द्यागणिक उत्तर

नाशिकच्या सोसायट्यांच्या, जॉगिंग ट्रॅकच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली फक्त ‘पटलं तर पुढे पाठवा’. त्याचं सार असं: हवामान कायमच बदलत आलंय, 1969 लाही गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला होता आणि निफाडला अजून कडाक्याची थंडी पडते. धूर चीन-अमेरिका सोडतात, मग नाशिककराने पंखा बंद करून काय होणार? इलेक्ट्रिक गाडीचा धूर एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतोच. ओला-सुका कचरा वेगळा केला तरी घंटागाडीत एक होतो. गंगापूर धरण भरलंय, पाण्याची चिंता नको. करायचंच असेल तर पावसाळ्यात एक झाड लावा, बाकीचं काम सरकारचं.

मजकूर हुशारीने लिहिलाय. त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच तो शिकल्यासवरल्या लोकांकडूनही पुढे पाठवला जातोय.

पुरापासून सुरुवात करू. 1969 चा पूर मोठाच होता. त्यानंतर 2008, 2016 आणि 2019 लाही गंगेचं पाणी दुतोंड्या मारुतीवर (नदीपात्रातली ही मूर्ती नाशिककरांची पूर मोजायची खूण) चढलं. यातल्या प्रत्येक पुराचं खापर हवामानबदलावर फोडू नये हे मलाही मान्य आहे. पात्रात ओतलेलं काँक्रीट, निळ्या पूररेषेच्या (बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्याच्या) आतली बांधकामं, बुजवलेले नाले यांचा हिशेब आपल्याच नावावर आहे. मात्र हवा एका अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते उतरतं तेव्हा कमी तासांत जास्त कोसळतं. बुजवलेला नाला आणि वाढलेला पाऊस ही दोन्ही कारणं एकाच पुरात असू शकतात. ‘हवामान कायमच बदलत आलंय’ हेही खरं, फक्त वेग सांगायचा राहिला. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 280 भाग होते, आता ते 420 च्या वर गेलेत. आजवरच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरलेलं वर्ष 2024 आहे.

निफाडच्या थंडीचा दाखला देणाऱ्याने एकदा निफाडच्याच द्राक्षबागेत जाऊन यावं. तिथे थंडीचं कौतुक फारसं ऐकू येत नाही, कारण पारा फार उतरला की मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात. बागायतदाराला छळतो तो ऋतूंचा बेभरवसा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात, त्याला बागेतले लोक सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. या काळात काडीला भरपूर ऊन लागतं. मे 2025 मध्ये ऊन कुठे होतं? मान्सून 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला, इतका लवकर आल्याची नोंद आधी नव्हती. त्याआधीही अवकाळी पाऊस सुरूच होता आणि काढलेला उन्हाळ कांदा शेतातच भिजला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला तर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, फुलोऱ्यात आला तर गळ आणि कूज, माल भरत असताना आला तर मणी फुटतात. प्रत्येक वेळी फवारणीचा खर्च वाढतो तो वेगळाच. 26 नोव्हेंबर 2023 ला तर गारपिटीने निफाड तालुक्यातल्या उभ्या बागा झोडपल्या. थंडी अजून पडते, बरोबर. पिकाचं वेळापत्रक मात्र जिच्या भरवशावर बसवलं होतं ती ऋतूंची घडी विस्कटली आहे.

आता मजकुराचा हुकमी एक्का: चीन-अमेरिका. आकडे सरळ मांडतो. वर्षाला माणशी कार्बन डायऑक्साइड अमेरिकेत सुमारे 14 टन, चीनमध्ये 8 ते 9, जगाची सरासरी साडेचारच्या पुढे आणि भारताची 2 टनांच्या आसपास. म्हणजे मोठे गुन्हेगार आपण नाही. एकूण बेरजेत भारत तिसरा आहे, तरी माणशी वाटा कमीच, आणि आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत भारताने हे ठणकावून सांगायलाच हवं.

पण ही 2 टनांची सरासरी कोणाच्या जिवावर खाली राहिली आहे? सुरगाणा-पेठच्या पाड्यावर एक पंखा आणि दोन दिवे असलेलं घर तिच्यात आहे, आणि कॉलेज रोडवरचा तीन एसी, दोन गाड्यांचा फ्लॅटही तिच्यातच आहे. मजकूर लिहिणारा आणि पुढे पाठवणारा बहुधा दुसऱ्या घरातला असतो आणि आडोसा पहिल्या घराच्या गरिबीचा घेतो. उन्हाळ्यात हंडे घेऊन विहिरीत उतरायची पाळीही त्या पहिल्या घरातल्या बायकांवरच येते. मला या मजकुरातलं सर्वांत न पटणारं काही असेल तर ते हेच.

शिवाय उदाहरणाला पंखा निवडलाय, तोही मुद्दाम. पंखा ही घरातली सर्वांत गरीब वस्तू. जुना पंखा 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 च्या आसपास. बदलता आला तर बदला, उकडत असताना बंद मात्र करू नका. मोजायचं असेल तर वीजबिल हातात घ्या. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिना 200 युनिट जाळणाऱ्या घराचा वर्षाचा हिशेब जवळपास 1,700 किलो होतो. यात वजन असतं ते एसीचं आणि गिझरचं. एसी 20 ऐवजी 24 वर ठेवला तर अंशामागे साधारण 6 टक्के वीज वाचते. नाशिकला वर्षातले बरेच महिने स्वच्छ ऊन मिळतं. गच्चीवरच्या 3 किलोवॉटच्या सौर संचातून महिन्याला साडेतीनशे युनिटपर्यंत वीज निघू शकते. 2024 मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत अशा घराला केंद्राकडून 78,000 रुपये अनुदान आहे. फ्लॅटवाल्यांनी ‘आमची गच्ची नाही’ म्हणून सुटका करून घेऊ नये. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या सामाईक मीटरसाठी गृहनिर्माण सोसायट्यांनाही किलोवॉटमागे 18,000 रुपये मिळतात. अडतं ते सोसायटीच्या वार्षिक सभेत, तेही बहुधा पार्किंगच्या विषयावर.

‘इलेक्ट्रिक गाडीचा धूर एकलहऱ्यातून निघतो.’ निघतो. किती, ते मोजू. पेट्रोलची स्कूटर लिटरला 45 किलोमीटर धरली तर 100 किलोमीटरला सव्वादोन लिटर पेट्रोल लागतं. लिटरमागे 2.3 किलो धरा, झाले 5 किलो. इलेक्ट्रिक स्कूटरला तेवढ्याच अंतराला 3 युनिट लागतात. चार्जिंगमधली आणि तारांमधली गळती धरून 4 म्हणू. देशाच्या सरासरी विजेवर ते 3 किलोच्या आत येतं, आणि सगळी वीज कोळशाचीच धरली तरी 4 किलोच्या आसपास. बॅटरी बनवतानाचं प्रदूषण यात धरलेलं नाही, तसंच पेट्रोल शुद्ध करून पंपापर्यंत आणतानाचंही नाही. द्वारकेच्या चौकात नाकाशी येणारा धूर कमी होतो हा फायदा वेगळा. धडधाकट जुनी स्कूटर मोडीत काढून लगेच नवी घ्या असं मात्र मी म्हणणार नाही. पुढची घ्याल तेव्हा बघा.

घंटागाडीचा मुद्दा सगळ्यात जास्त टाळ्या घेतो. वेगळा केलेला कचरा काही ठिकाणी पुन्हा एकत्र होतो, ही तक्रार खोटी नाही. तरीही ओला कचरा ढिगात दबून सडला की मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट ताप धरतो. घरच्या कचऱ्यातला निम्म्याच्या आसपास भाग ओलाच असतो. तो गाडीत दिलाच नाही तर एकत्र होणार तरी काय? त्याचं घरीच खत करा: भोकं पाडलेली बादली, तळाला सुका पाला, वर भाजीची देठं-सालं, पुन्हा पाला आणि सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक. वास यायला लागला तर ओल जास्त झाली समजून पाला वाढवायचा. चिलटं होतात, हेही सांगून ठेवतो.

धरण भरलं म्हणजे पाणी आपलं झालं, असा हिशेब गोदावरीच्या खोऱ्यात चालत नाही. 15 ऑक्टोबरला खालच्या जायकवाडी धरणाचा साठा ठरलेल्या टक्केवारीच्या (2023 मध्ये ती 65 होती) खाली असेल तर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं. 2023 मध्ये ऑगस्ट जवळपास कोरडा गेला आणि नोव्हेंबरमध्ये हेच झालं. नळाला येणारं पाणी धरणातून पंपाने उचललेलं असतं. अंगणात पाइपने गाडी धुताना पाण्याबरोबर वीजही वाहून जाते.

झाड जरूर लावा. मोठं वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने 20-25 किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं. मघाच्या 200 युनिटवाल्या घराच्या एकट्या वीजबिलाला सत्तर-ऐंशी मोठी झाडं लागतील, आणि रोप मोठं व्हायला वर्षं जातात. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर 2015 मध्ये लोकांनी देशी झाडांची देवराई लावली. तिथे खड्डा खणण्याचा दिवस एक असतो आणि उन्हाळ्यात पाणी घालण्याचे, गवताच्या वणव्यापासून रोपं जपण्याचे दिवस असंख्य. म्हणून लावण्यापेक्षा उभं झाड राखणं केव्हाही स्वस्त पडतं. तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा 2025 च्या नोव्हेंबरात नाशिककर रस्त्यावर उतरले ते यासाठीच.

राहिलं ‘सरकारचं काम’. बरंचसं आहेच. पूररेषा पाळायला लावणं, कोळशावरचा भार कमी करणं, कुंभाच्या रस्त्यांना सावली ठेवणं ही कामं बादलीतल्या खताने होणार नाहीत. सार्वजनिक बसचंच घ्या. सिटीलिंक जुलै 2021 मध्ये सुरू झाली. अंबडला कामाला जाणाऱ्याने तिच्या भरवशावर दुचाकी घरी ठेवावी असं वाटत असेल तर फेऱ्या वाढायला हव्यात, आणि फेऱ्या वाढवायच्या तर आपल्या थांब्यावरून कोणत्या वेळी किती माणसं जातात ते लिहून, सह्या घेऊन, प्रभागाच्या नगरसेवकाकडे जावं लागतं. एका सोसायटीला हे एका रविवारी जमण्यासारखं आहे.