गोदाम भरा, गल्ला रिकामा करा

भाऊ, फरसाणाचा छोटा कारखाना आहे ना? मग नागपूरच्या इतवारी बाजारात बेसन किलोमागे दोन रुपयांनी उतरून 90 वर आलं, की आगापीछा न बघता तीन महिन्यांचा माल उचला. रोजचा खप 40 किलो धरला तर 3,600 किलो, म्हणजे 50 किलोचे 72 कट्टे. वाचले 7,200 रुपये! त्यात 3 लाख 24 हजार अडकले, तेही 12 टक्के व्याजाच्या कॅश क्रेडिटचे, म्हणजे बँकेच्या उचल-कर्जाचे, हे बायकोला सांगू नका. माल हळूहळू संपतो म्हणून सरासरी निम्मीच रक्कम अडकलेली धरा, तरी तिमाहीचं व्याज 4,860. एक कट्टा सडला की आणखी 4,500. बचत गेली आणि वर पदरचे दोन हजार गेले, पण सौदा स्वस्तात झाला ना!

कट्टा सडायलाही मेहनत लागते. खाली लाकडी फळ्या नकोत, थेट फरशीवर, भिंतीला टेकवून रचा. पावसाळ्यात ओल चढते, बेसनाला जाळी धरते, किडे होतात. नवा माल पुढे लावा, जुना मागे दाबा.

किंवा अगदी उलट करा. रोजचा खप गुणिले माल यायचे तीन दिवस, वर दोन दिवसांची शिल्लक, म्हणजे 200 किलो. चार कट्टे उरले की फोन लावायचा, हा हिशेब भिंतीवर लिहू नका. शेवटचा कट्टा फोडल्यावरच व्यापारी आठवावा, आणि तोही एकच असावा. मारबतीच्या दिवशी मिरवणुकीने इतवारीचे रस्ते गच्च असतात. ऑर्डरला तोच मुहूर्त साधा.

दिवाळीला दुकानदार 20 पेट्या मागतो, कमी पडू नयेत म्हणून वितरक 30 सांगतो, तुम्ही 40 तळा. दुकानात रोज किती खपतंय, हे विचारणं कमीपणाचं. उरलेल्या पेट्या खवट होऊन परत येतात. भाडं अर्थातच तुमचं.

आता वसुली. मोठ्या गिऱ्हाइकाला 90 दिवसांची उधारी द्या. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या कायद्यानं लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर मुदत चालत नाही, करार नसेल तर 15 दिवस. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. नको ती भानगड! या कायद्याचा आधार मिळवून देणारी सरकारी उद्यम नोंदणी टाळा, आणि डिलिव्हरी चलनावर माल मिळाल्याची सही-तारीख तर चुकूनही घेऊ नका. दिवस मोजायचे कुठून, हा वाद मग वर्षभर पुरतो.