खुलासा: व्हिक्टोरियाचं बालपण बकिंगहॅममध्ये गेलं नाही

‘राणी व्हिक्टोरिया बकिंगहॅम राजवाड्यात लाडाकोडात वाढली’ ही फिरतेय ती पोस्ट माझीच. ती चुकीची आहे, माफ करा.

तिचा जन्म २४ मे १८१९ चा, केन्सिंग्टन राजवाड्यातला, वाढलीही तिथेच. ८ महिन्यांची असताना वडील गेले. मग आई आणि आईचा कारभारी जॉन कॉनरॉय यांचा कडक पहारा. जिना उतरायचा तर कुणाचा तरी हात धरून. झोपायचं आईच्याच खोलीत, तेही थेट १८ व्या वर्षापर्यंत! रोजनिशीसुद्धा आई तपासायची. बालपण दुःखात गेलं, असं तिनं पुढे स्वतःच्या मुलीला पत्रात लिहिलंय. बकिंगहॅमला ती गेली जुलै १८३७ मध्ये, राणी झाल्यावर.

जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल तिथे हा खुलासा टाका.