खाच पाडली म्हणून फळी कमजोर होत नाही

"पेटीत आडव्या-उभ्या फळ्या बसवताना खाचा पाडू नका, फळीची निम्मी ताकद जाते. उभी फळी अखंड ठेवा, आडवीचे दोन तुकडे करा आणि गोंद लावून खिळे मारा. गोंद लाकडापेक्षा मजबूत असतो." हा सल्ला सगळीकडे फिरतोय. नवशिके तो पाळतात आणि कप्पे खिळखिळे होतात, म्हणून हे लिहितोय.

निम्मी ताकद जाते, हे सुट्या फळीबाबत खरं आहे. खाच पाडलेली फळी हातात धरून वाकवली तर खाचेपाशीच मोडेल. पण पेटीत ती सुटी नसते. समजा, दोन्ही फळ्या २०० मिमी खोल आहेत. उभीला पुढून आणि आडवीला मागून १०० मिमीची खाच पाडून त्या एकमेकींत सरकवल्या. पुढच्या निम्म्या भागात आडवी फळी अखंड असते आणि उभीवर टेकलेली असते. वजन लाकडावरून लाकडावर उतरतं. तुकडे केलेत तर मधल्या टोकाला आधार फक्त गोंदाचा आणि खिळ्यांचा. एक अट मात्र पाळाच: लाकडाच्या रेषा फळीच्या लांबीने हव्यात. त्या खाचेच्या दिशेने असतील तर फळी तिथेच चिरते.

गोंदाचं म्हणणं अर्धवट आहे. रेषा लांबीने जुळवून चिकटवलेल्या दोन फळ्यांना ते लागू पडतं. फळीचं कापलेलं टोक गोंद शोषून घेतं आणि तिथे पकड कमी बसते. खिळाही टोकात नीट धरत नाही. शिवाय पहिला तुकडा उभ्या फळीतून आरपार खिळे मारून बसवता येतो, पण दुसऱ्याच्या वेळी ती बाजू पहिल्याने झाकलेली असते. मग तिरके खिळे, आणि फळी जागची हलते.

"खाच कधी नीट बसत नाही" अशीही तक्रार असते. ६ मिमी म्हणून घेतलेलं प्लायवूड बरेचदा थोडं कमी भरतं. खाच आकड्यावरून न आखता त्याच फळीचा तुकडा ठेवून आखा, रेषेच्या आतून कापा आणि कानशीने हळूहळू मोकळी करा. ठोकून बसवू नका: पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने लाकूड फुगतं आणि घट्ट फळी अर्ध्यावरच अडकते.

उभ्या फळ्या वर-खाली एका ओळीत नसतील तर तुकडेच करावे लागतात, हे मान्य. पण तेव्हाही १२ मिमीच्या अखंड फळीत ३ मिमी खोल खोबण काढून टोक तिच्यात बसवा.