पोरं घरी कधी जाणार, हे कोण ठरवतं?

आश्रमशाळेतल्या मुलाच्या मृत्यूची बातमी आली की आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पाड्यावर ठेवून या पोरांचं काय भलं होणार आहे, पहिलीपासूनच पाचगणीसारख्या ठिकाणी चांगल्या इंग्रजी शाळेत टाका. दुसरा तट ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवतो: तिकडे गोऱ्यांनी हेच केलं, मूळनिवासी अ‍ॅबोरिजिनल लोकांची मुलं घरापासून तोडून संस्थांत ठेवली, आणि शेवटी संसदेत माफी मागायची पाळी आली, तेव्हा बंद करा ही वसतिगृहं. मी पर्थला राहते म्हणून दोघंही मला साक्षीला बोलावतात. माझी साक्ष दोघांनाही फारशी सोयीची नाही.

माफी खरी आहे. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी ती मागितली. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशीचा अंदाज असा होता की १९१० ते १९७० या काळात अ‍ॅबोरिजिनल मुलांपैकी दहात एक ते तिघांत एक एवढी मुलं घरापासून तोडली गेली. पण सगळ्याच संस्थांची सुरुवात काही पोलिसाने मूल ओढून नेण्यातून झाली नव्हती. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या मध्य ऑस्ट्रेलियातल्या गावच्या 'बंगलो' या संस्थेचंच बघा. १९१४ मध्ये टॉप्सी स्मिथ ही अ‍ॅबोरिजिनल विधवा आपली पोरं आणि शेरडं घेऊन आर्लटुंगाच्या खाणींकडून गावात आली. निवाऱ्याला तिला हॉटेलजवळ पत्र्याची शेड मिळाली. मग आसपासची मिश्रवंशीय मुलं सरकारने त्याच शेडमध्ये आणून भरायला सुरुवात केली. आयडा स्टॅन्ली या शिक्षिका सकाळी साडेचार तास गोऱ्या मुलांना शिकवत आणि दुपारी दीड तास या मुलांना. १९३२ मध्ये सगळं बिऱ्हाड गावाबाहेरच्या जुन्या तारघरात हललं, तोवर विधवेचा आसरा ही पूर्ण सरकारी संस्था झाली होती. ते तारघर आता पर्यटनस्थळ आहे. बैठ्या दगडी इमारती, टॉड नदीचं कोरडं पात्र, गमची (निलगिरीच्या जातीची) झाडं. फोटो फार छान येतात तिथे, आम्हीही काढले.

शेड ते संस्था हा प्रवास झाला तो कायद्याच्या जोरावर. कायदे प्रांताप्रांताचे वेगळे होते; आमच्या पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ च्या कायद्याने सरकारी 'मुख्य संरक्षक' हा प्रत्येक अ‍ॅबोरिजिनल मुलाचा सोळा वर्षांपर्यंत कायदेशीर पालक ठरला. आईबाप हयात असले तरी. १९३६ मध्ये हे वय एकवीस केलं. म्हणजे आई फाटकाशी येऊन उभी राहिली तरी मूल घरी न्यायचा हक्क तिचा नव्हता.

पुढे पन्नास-साठच्या दशकांत इथल्या नेटिव्ह वेल्फेअर खात्याने शाळकरी मुलांसाठी हॉस्टेलं काढली. पर्थच्या माउंट लॉलीत, पोर्ट हेडलंडला, मार्बल बारला, ऑन्स्लोला. मुलं राहायची हॉस्टेलात आणि शिकायला जायची गावातल्या साध्या सरकारी शाळेत. आधीच्या मिशनांच्या, म्हणजे चर्चने चालवलेल्या वसाहतींच्या, मानाने ही सुधारणाच होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आईबाप दूरच्या कॅटल स्टेशनवर (गुरांच्या मोठ्या फार्मवर) राबत होते आणि तिथे हायस्कूलच नव्हतं. अशा ठिकाणी पालकांची संमती होती का, या प्रश्नाला 'हो' म्हणताना जीभ अडखळते.

नंदुरबारच्या डोंगरातल्या तोरणमाळच्या निवासी शाळेच्या बातम्या वाचताना मला हे आठवत राहतं. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा महाराष्ट्रातला वाद २०२३ पासून चालू आहे, आणि त्यात नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेतची नावं पुढे केली जातात. आपल्याकडे मूल पळवणारा कायदा नाही. आदिवासी पालक प्रवेशासाठी स्वतः रांगेत उभे राहतात, हा फरक मोठा आहे. पण गावातली शाळा आधी बंद केली आणि मग वसतिगृहाचा फॉर्म पुढे केला, तर त्या रांगेला पसंती म्हणायचं का?

आता दुसऱ्या तटाला. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अर्नहम लँडमध्ये सरकारने १९७२ मध्ये धुपुमा कॉलेज काढलं, रॉकेटचा माग काढणाऱ्या एका बंद पडलेल्या केंद्राच्या इमारतींत. निवासीच होतं, पण योल्ङु या तिथल्या अ‍ॅबोरिजिनल समाजाच्या मुलांच्या स्वतःच्या मुलखात. १९८० मध्ये ते बंद केलं, तेही सरकारनेच. तिथे शिकलेली माणसं आजही त्याचं नाव मायेने घेतात. तेव्हा 'बंद करा सगळं' म्हणणाऱ्यांनी एकदा २०१८ चा जुलै आठवावा. वसतिगृहातली खानावळ बंद करून मुलांच्या बँक खात्यात पैसे टाकायच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. वसतिगृह मोडा, असं त्यांच्यातलं कोणी म्हणत नव्हतं. जेवणाचा निर्णय आम्हाला विचारून घ्या, एवढंच म्हणणं होतं. ती कॉलेजची मुलं होती, चालत निघू शकली. सहा वर्षांचं पोर निघू शकत नाही.

म्हणून माझा खरा राग आहे तो नामांकित शाळांच्या योजनेवर, ज्यात पहिलीतल्या आदिवासी मुलाला जिल्ह्यापार इंग्रजी निवासी शाळेत पाठवता येतं. हेतू चांगलाच असेल. टॉप्सीला शेड देणाऱ्यांचाही असेल. आठवीनंतर पाठवा, माझी काही हरकत नाही. त्याआधी पाड्याजवळची शाळा नीट चालवा. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर तिला शाबासकीऐवजी शिक्षण खात्याची नोटीस गेली, असले उद्योग थांबवा. आणि एक गोष्ट इथली उचला. इथे ॲबस्टडी नावाची सरकारी मदत आहे, त्यात हॉस्टेलातल्या मुलाला सत्र संपल्यावर घरी जायचं भाडं मिळतं आणि घरात मयत झाली तर मध्येच जायचंही मिळतं. दर सुट्टीला पोराचं आणि त्याला न्यायला येणाऱ्या बापाचं एसटीचं भाडं, बुडालेल्या मजुरीसकट, नामांकित योजनेच्या खर्चात धरा. शाळेला दर मुलामागे जे पैसे दिले जातात, त्यापुढे ही रक्कम चिल्लरच ठरेल.