फेसलिफ्टच्या सुजेला शेक देऊ नका

'फेसलिफ्टची सूज सात दिवसांत घालवा' या मथळ्याचा एक मेसेज सध्या नागपुरातल्या भिशीच्या, सोसायटीच्या, शाळामैत्रिणींच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सूज म्हणजे साचलेलं अशुद्ध रक्त, ते सात दिवसांत गेलं नाही तर ऑपरेशन फसलं. म्हणून तव्यावर तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीने रोज तीनदा शेका, अशुद्ध रक्त पातळ होऊन निघून जातं. तिसऱ्या दिवसापासून खोबरेल तेलाने मालिश करा. एक बाजू जास्त सुजली तर घाबरू नका, दुसऱ्या कुशीवर झोपा. आंबट बंद, मीठ बंद. लघवी होण्याची गोळी घ्या. सिगारेट ओढू नका.

माझ्या मावशीने रामदासपेठेत फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची सैल त्वचा आवळून घेण्याचं ऑपरेशन, करून घेतलं आहे आणि तिच्या कानापुढचे टाके नुकतेच निघाले आहेत. तिचा फोन आला, "अगं, शेकायला खडेमीठ घेऊ की साधं? सगळ्याच जणी शेक घे म्हणून राहिल्या." तवा गॅसवर चढला होता. मी आयुष्यभर सर्जरी वॉर्डात नर्स म्हणून काम केलं आहे. तो तवा मी आधी उतरवायला लावला आणि मग हे लिहायला बसले. साठीत फेसलिफ्ट कशाला, असं ज्यांना विचारायचं आहे त्यांनी ते स्वतःजवळ ठेवावं. चेहरा तिचा आहे.

सगळ्यात आधी शेक, कारण या मेसेजमधला सगळ्यात वाईट सल्ला तोच आहे.

फेसलिफ्टमध्ये कानाच्या पुढून, पाळीखालून वळून कानामागे केसांपर्यंत छेद घेतात. तिथून गालाची आणि मानेची त्वचा खालच्या चरबीपासून सोडवून उचलतात, आतला थर आवळतात, जास्तीची त्वचा कापतात आणि टाके घालतात. त्वचा उचलताना तिच्यात शिरणाऱ्या संवेदनेच्या बारीक नसा तुटतात. म्हणून कानाजवळचा गाल आणि कानाची पाळी कित्येक आठवडे, कधीकधी कित्येक महिने बधिर असते. पुरचुंडी किती गरम आहे हे अशा गालाला कळणार कसं? हाताला चटका बसला की हात आपोआप मागे येतो. बधिर गालाला चटका बसतो आणि माणूस शेकतच राहतो.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. उचललेल्या त्वचेला खालून मिळणारं रक्त तुटलेलं असतं. पुढच्या, नाका-ओठांकडच्या जोडलेल्या बाजूने जे रक्त येतं त्यावर ती पहिले काही दिवस जगते. कानामागची कड त्या पुरवठ्याच्या अगदी शेवटच्या टोकाला येते आणि तिथली त्वचा पातळही असते. एरवी त्वचा तापली की वाहतं रक्त ती उष्णता पुढे घेऊन जातं. इथे रक्तच तुटपुंजं, त्यामुळे उष्णता जागच्या जागी साचते. एरवी नुसती लाली आली असती तिथे फोड येतो, आणि तिथली त्वचा काळी पडून मरू शकते. स्तनाच्या पुनर्रचनेनंतर बधिर त्वचेवर गरम पाण्याची पिशवी ठेवून बायका भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत कितीतरी आहेत. फेसलिफ्टनंतर केस वाळवायला ड्रायर लागलाच तर थंड हवेवर लावा, असं सांगतात ते याचसाठी. नागपूरच्या थंडीत शेक घ्यावासा वाटतो हे मला कळतं. गुडघा शेका, पाठ शेका, चेहऱ्याजवळ काही गरम नेऊ नका.

'अशुद्ध रक्त पातळ होऊन निघून जातं' यात तर एक शब्द खरा नाही. चेहऱ्यावरची सूज मुख्यतः रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी असतं. जखम झाली की शरीर ते तिथे पाठवतं, आणि भरून येण्याची सुरुवात त्यातूनच होते. शेकाने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझर वाढतो, म्हणजे पहिल्या दिवसांत शेकलेला चेहरा आणखी सुजतो. थंड पट्टी चालते, पण सर्जनने हो म्हटलं असेल तरच, आणि तीही थोडाच वेळ. बर्फ थेट लावायचा नाही, कारण बधिर त्वचेला त्याचाही चटका कळत नाही.

आता सात दिवसांची मुदत. ही मुदत कुठून आली? सूज पहिले दोन-तीन दिवस वाढत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा सगळ्यात वाईट दिसतो. त्याच सुमारास पेशंटचं मनही खचतं, आरशासमोर रडणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मग सूज ओसरू लागते. काळं-निळं हिरवट होतं, पिवळं होतं आणि खाली सरकतं. मान, गळा, कधी छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरतं. नवीन काही झालेलं नसतं, तेच रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. चारचौघांत जाण्याजोगा चेहरा बहुतेकांचा दोन ते तीन आठवड्यांत होतो. बारीक सूज, कडकपणा, ताण मात्र दोन-तीन महिने राहतो आणि व्रण मऊ व्हायला वर्ष लागू शकतं. 1976 साली मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच सर्जनांनी त्वचेखालचा जो थर दाखवून दिला, तो हल्लीच्या बहुतेक फेसलिफ्टमध्ये आवळतात. काम नुसतं वरच्या त्वचेचं नसतं, आत खोलवर असतं, तर सूज आठवड्यात कशी जाईल? सकाळी चेहरा जास्त भरलेला आणि संध्याकाळी हलका वाटतो, हेही नेहमीचंच आहे. रात्रभर आडवं राहिल्यामुळे पाणी चेहऱ्याकडे येतं, म्हणून पहिले एक-दोन आठवडे दोन-तीन उशा घेऊन पाठीवर, डोकं उंच ठेवून झोपायला सांगतात. त्या मेसेजमुळे मावशी गेले काही दिवस आपलं ऑपरेशन फसलं असं धरून बसली होती. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

आणि जिला खरंच घाबरायला हवं त्या सुजेला हा मेसेज 'घाबरू नका' म्हणतो. दोन्ही गाल थोडेफार कमीजास्त सुजणं वेगळं. पण एकच बाजू अचानक, तासा-दोन तासांत टम्म फुगली, कडक झाली, ठणकू लागली, त्वचा जांभळी पडली, तर आत रक्तस्राव होऊन गोळा धरतो आहे असं समजायचं. डॉक्टर याला हिमॅटोमा म्हणतात. फेसलिफ्टनंतरची ही सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत आहे, बायकांत शंभरात साधारण 1 ते 3 जणींना होते, पुरुषांत त्याहून जास्त. बहुतेकदा पहिल्या चोवीस तासांत होते, पण नंतर होणारच नाही असं नाही. ब्लडप्रेशर चढलेलं असलं की धोका वाढतो. उलटी, खोकला, शौचाला जोर करणं, वाकून बादली उचलणं, यानेही दाब वाढतो. साचलेल्या रक्ताचा दाब वरच्या त्वचेचं उरलंसुरलं रक्त तोडतो, म्हणून ते लगेच मोकळं करावं लागतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी सर्जनला फोन लावायचा. कूस बदलून सकाळची वाट पाहिली तर तेवढ्यात त्वचा गेलेली असू शकते.

तिसऱ्या दिवसापासून मालिश, यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. खालच्या थराला अजून न चिकटलेली त्वचा चोळायची नाही. पुढे सूज उतरवण्यासाठी हलकं मसाज सर्जन स्वतः सुचवू शकतात, कधी आणि कसं ते तेच सांगतील. ओल्या टाक्यांवर खोबरेल, हळद, कोरफड यांतलं काहीही नको.

मिठाबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे, ते मान्य करावं लागतं. खारट खाल्लं की अंगात पाणी धरून राहतं आणि चेहऱ्यावर ते दिसतं. लोणचं, पापड, फरसाण, सावजी रस्सा पहिले काही आठवडे कमी करा. पण 'कमी' आणि 'बंद' यांत फरक आहे, आणि वर लघवीची गोळी म्हणजे धोकाच. साठीपुढच्या माणसाचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, उतरलं की चक्कर येते, भ्रम होतो, माणूस पडतो. ही गोळी डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय घ्यायचीच नाही. ब्लडप्रेशरच्या गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत.

आंबट खाल्लं की टाके पिकतात, हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागलेले असताना मावशीने एक फोड तोंडात घातली नव्हती. पू जंतूंमुळे होतो, संत्र्यामुळे होत नाही. उलट जखम सांधणारं कोलॅजन तयार व्हायला 'क' जीवनसत्त्व लागतं. अठराव्या शतकात लांबच्या सफरींवर ते न मिळाल्याने खलाशांचे जुने, भरलेले व्रणसुद्धा पुन्हा उघडायचे. संत्री खा, आवळा खा. तोंड फार उघडवत नसेल तर रस प्या.

राहिली सिगारेट. ओढू नका, हे बरोबरच आहे, आणि त्याला पक्का आधार आहे. 1984 साली 'प्लास्टिक अँड रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जरी' या नियतकालिकात थॉमस रीस आणि सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त फेसलिफ्ट पेशंटांचा अभ्यास छापला. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये चेहऱ्याची त्वचा मरण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या बारा पटींहून जास्त निघाला. ही त्वचा किती थोड्या रक्तावर तग धरते, हे यावरून कळावं. पण नागपुरात 'सिगारेट नको' एवढंच लिहून कसं चालेल? इथे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटला जातो, आणि तो बायकाही खातात, फक्त सांगत नाहीत. मशेरी, गुटखा हेही तसंच. रीस यांचा अभ्यास सिगारेटचा होता, पण रक्तवाहिन्या आवळणारं निकोटीन तंबाखूतच असतं, धूर निघो वा न निघो. सर्जन साधारणपणे ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे, बरेचजण किमान 4 आठवडे, निकोटीन पूर्ण बंद ठेवायला सांगतात. ते विचारतील "स्मोकिंग करता का?" तेव्हा "नाही" म्हणून गप्प बसू नका. खर्रा खात असाल तर तो रोज किती हे सांगा, लाजू नका. त्यामुळे ऑपरेशनची तारीख पुढे ढकलावी लागली तर ढकलू द्या.