पोच आणि उत्तर

भाऊकाकांच्या माजघरातल्या कपाटात एक खाकी फाईल आहे. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी गेलो की ती एकदा तरी बाहेर निघतेच. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाबद्दलचे 2010 च्या आसपासचे अर्ज, निवेदनं, ग्रामसभेच्या ठरावांच्या झेरॉक्स. प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात कुठल्या ना कुठल्या कार्यालयाचा निळा गोल शिक्का आणि खाली घाईत केलेली सही, म्हणजे पोच. अर्ज बावीस आणि पोचही बावीस. उत्तर मात्र एकाचंही आलेलं नाही.

ही फाईल मला हजारो मैल दूर, कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात आठवली. मी तिथल्या रिजायना शहरात चौदा वर्षं राहतो. इथली वीज सस्कपॉवर ही प्रांताच्या मालकीची कंपनी पुरवते. सगळी दुनिया जिथलं युरेनियम विकत घेते अशा या प्रांतात आजवर एकही अणुवीज केंद्र नाही. 2015 मध्ये भारतानेही इथल्या खाणींच्या युरेनियमचा पाच वर्षांचा करार केला होता. आता सस्कपॉवर अणुभट्टी बसवण्याचा विचार करते आहे. जून 2022 मध्ये तिने तंत्र निवडलं: जीई-हिताची कंपनीची 300 मेगावॅटची छोटी अणुभट्टी. जागा म्हणून दक्षिणेला अमेरिकेच्या सीमेलगतच्या एस्टेव्हन या कोळशाच्या गावाकडे लक्ष आहे. बांधायचं की नाही, हा शेवटचा निर्णय 2029 च्या सुमाराला व्हायचा आहे. तोवर कंपनी गावोगावी बैठका घेते आहे.

एस्टेव्हनच्या अशा एका बैठकीला मी दोनशे किलोमीटर गाडी हाकत गेलो. सभागृहात व्यासपीठ नव्हतं. भिंतीकडेने टेबलं मांडलेली आणि प्रत्येक टेबलाशी एक माणूस उभा. कुणाकडे पाण्याचा विषय, कुणाकडे कचऱ्याचा, कुणाकडे नोकऱ्यांचा. एका टेबलावर इंधनाच्या गोळीची नकली प्रतिकृती होती, करंगळीच्या पेराएवढी. ती तळहातावर घेऊन एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ उभे होते. बोलताना कळलं, चाळीस वर्षं ते कोळशाच्या खाणीत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "दुष्काळ पडला आणि धरण आटलं, तर तुम्ही आधी कुणाचं पाणी तोडणार?" इंजिनिअर बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. "याचं नेमकं उत्तर आज माझ्याकडे नाही, लिहून घेते," म्हणाल्या, आणि प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घेऊन त्यांना वाचून दाखवला.

मला तिथेच गलबलून आलं. कारण हाच प्रश्न, उलट्या बाजूने, जैतापूर प्रकल्पाजवळच्या साखरी नाटे गावच्या मच्छीमारांनी विचारला होता: अणुभट्टीतून सुटणारं गरम पाणी समुद्रात गेलं तर मासळी किनाऱ्याला राहील का?

जैतापूरचं थोडक्यात सांगतो, कारण आता पंचविशीत असलेल्या मुलांना ते ऐकूनही माहीत नसतं. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे, वरीलवाडा या गावांची मिळून 938 हेक्टर जमीन, आणि त्यावर फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या, एकूण 9900 मेगावॅट. पर्यावरणाची जनसुनावणी झाली 16 मे 2010 ला. जमिनी मात्र त्याआधीच संपादित झाल्या होत्या. पर्यावरणावर होणाऱ्या आघाताचा अहवाल मराठीत वेळेवर हाती आला नाही, ही लोकांची पहिली तक्रार होती. नोव्हेंबरच्या अखेरीस 35 अटींसह पर्यावरण मंजुरी आली आणि आठवड्याभराने, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष दिल्लीत असताना, करारावर सह्या झाल्या. पुढच्या मार्चमध्ये फुकुशिमा झालं. एप्रिलमध्ये नाटे गावात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. 2013 मध्ये मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेला, पुष्कळांनी चेक घेतले. अणुभट्टी आजही उभी राहिलेली नाही.

यातला क्रम बघा. आधी जमीन, मग सुनावणी, मग सह्या. ज्या माणसाची जमीन सात-बारावरून आधीच गेली आहे, त्याला तुम्ही सुनावणीत काय विचारणार? आणि तो काय सांगणार?

इकडचे आमचे काही मित्र म्हणतात, "लोकांना अणुशास्त्र कळत नाही, त्यांना विचारून काय मिळणार?" मला हे अजिबात पटत नाही. खाणीतल्या त्या आजोबांना अणुशास्त्र कुठे येत होतं? त्यांना धरण माहीत होतं. भाऊकाकांना खाडी माहीत आहे. अणुभट्टीला थंड करायला पाणी लागतं, आणि त्या पाण्याची खबर तिथल्या माणसाइतकी दुसऱ्या कुणाला नसते.

मी अणुविजेच्या विरोधात नाही, हेही स्पष्ट सांगतो. कोळशाने चंद्रपूरच्या हवेचं काय केलं ते मी पाहिलं आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 पासूनच्या, आणि त्या जीई या अमेरिकी कंपनीच्याच, भट्टीतच पाणी उकळून वाफ करणाऱ्या जातीच्या. एस्टेव्हनसाठी निवडलेली भट्टी त्याच घराण्यातली आहे, हे त्या बैठकीत सांगितल्यावर दोघंतिघं माझ्याभोवती गोळा झाले, तारापूरला लोक कसे राहतात ते विचारायला. मी विजेबद्दल सांगितलं, आणि तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली, तेही सांगितलं.

परदेशात सगळं नीट चालतं असं चित्र मला उभं करायचं नाही. इथेही तंत्र आधी निवडलं, लोकांशी बोलणं त्यानंतर वाढलं, आणि हा क्रम मला खटकतो. किमतीबद्दलही बोलायला हवं. हीच भट्टी ओंटारियोत डार्लिंग्टनला उभी राहते आहे. तिथे पहिल्या भट्टीचे 610 कोटी डॉलर आणि सामाईक कामांचे 160 कोटी, असा अंदाज 2025 मध्ये जाहीर झाला. तोच भाव आमच्या बारा लाख वस्तीच्या प्रांताला लावला तर माणशी सहा हजार डॉलरच्या वर जातो. हा आकडा प्रत्येक बैठकीत पहिल्या टेबलावर असायला हवा.

तो दडवला की काय होतं ते टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोने 2009 मध्ये पाहिलं. तिथली वीज कंपनी शहराच्या मालकीची. दोन नव्या अणुभट्ट्यांत भागीदारीसाठी तिने उन्हाळाभर नागरिकांच्या सभा घेतल्या, खर्च सांगितला 1300 कोटी डॉलर. नगर परिषदेचं मतदान दोन-तीन दिवसांवर आलं असताना बाहेर आलं की भट्टी बांधणाऱ्यांचा अंदाज त्याहून 400 कोटींपर्यंत जास्त आहे, आणि कंपनीतल्या काहींना ते आधीपासून ठाऊक होतं. मतदान पुढे ढकललं, कंपनीच्या हंगामी प्रमुखांना जावं लागलं, आणि शेवटी शहराने आपला वाटा अगदी थोडका करून घेतला. इतक्या सभा घेऊन कमावलेला विश्वास एका आकड्यापायी गेला.

त्याच वर्षी सस्कॅचेवानमध्येही सरकारने अणुऊर्जेवर लोकांचं म्हणणं प्रांतभर ऐकलं होतं. बोलायला आलेले बहुतेक जण नको म्हणाले, आणि वर्ष संपताना मोठ्या अणुभट्टीचा बेत सरकारने सोडला. सरकारने कारण खर्चाचं दिलं, पण लोकांचं म्हणणं छापील अहवालात आजही वाचता येतं. हे काही परदेशालाच जमतं असंही नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ओडिशातल्या नियमगिरीच्या बारा ग्रामसभांना खाणीबद्दल विचारलं गेलं. बाराच्या बारा नको म्हणाल्या, आणि खाण थांबली.

आता ही वेळ महाराष्ट्रावर पुन्हा येणार आहे. एप्रिल 2025 मध्ये महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुकंपनीशी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. डिसेंबरमध्ये संसदेने शांती कायदा करून अणुवीज खासगी कंपन्यांना खुली केली. म्हणजे गावाला विचारायला येणारं आता एकटं दिल्लीचं सरकार राहणार नाही. महानिर्मितीने जागा ठरवण्याआधी बोलायला सुरुवात करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. युनिटचा दर किती पडेल आणि वापरलेलं इंधन कुठे ठेवणार, हे मराठीत छापून ग्रामसभेत वाचून दाखवावं. पाणी कुठलं, हे तर आधी सांगावं, कारण 2013 च्या दुष्काळात याच कंपनीला परळीचं केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. आणि कोणती गोष्ट आढळली तर आपण माघार घेऊ, हे आजच लेखी द्यावं.

एस्टेव्हनच्या बैठकीत मीही एक कार्ड भरलं होतं. मध्यरात्री काही बिघाड झाला तर शेजारच्या शेतावरच्या माणसाला पहिला फोन कोण करणार, एवढंच विचारलं होतं. तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्ध्या प्रश्नाचं उत्तर होतं, उरलेला अर्धा परवान्याच्या टप्प्यावर ठरेल असं लिहिलं होतं. ते मी रविवारी फोनवर भाऊकाकांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी मला थांबवून पुन्हा एकदा सुरुवातीपासून वाचायला लावलं. मग विचारलं, "खाली नाव आहे का कुणाचं?"

"आहे काका. नाव आहे, हुद्दा आहे, फोन नंबरही आहे."

"मग त्याची एक प्रत मला पाठव," ते म्हणाले. "फाईलला लावतो."